काय तक्रार आहे?

वाचकहो, आपल्या मराठीत एका शब्दाने दोन घरे सांभाळली आहेत. खांदा धरला, गुडघा कुरकुरू लागला म्हणजे आपण रुग्णालयाची पायरी चढतो, आणि मेजापलीकडची व्यक्ती पहिला प्रश्न करते, ‘काय तक्रार आहे?’ आपण आपले दुखणे सांगतो. तोच उपचार मनासारखा झाला नाही, की घरी येऊन आपण कागद पुढे ओढतो आणि जे लिहितो त्यालाही तक्रारच म्हणतो. पहिल्या प्रकारच्या तक्रारींवर इलाज करणे हे ज्यांचे नित्याचे काम, त्यांच्यावर दुसऱ्या प्रकारची तक्रार येऊन कोसळली तर त्यांनी काय करावे, हा आजच्या पानाचा विषय आहे. आपल्या वाचक-कुटुंबांपैकी पुष्कळांच्या मुली, सुना, आणि हल्ली मुलगेही, या व्यवसायात आहेत. उरलेल्यांच्या घरी कोणी ना कोणी त्यांचे रुग्ण आहे.

व्यवसायाचे नाव सरकारी मराठीत ‘भौतिकोपचार’ असे आहे. भाषांतराच्या टेबलाशी बसून मी हा शब्द शेकडो वेळा लिहिला असेल. परंतु रिक्षावाल्याला ‘भौतिकोपचार केंद्रात चला’ असे म्हणण्याचे धैर्य मला अद्याप झालेले नाही. लोक फिजिओथेरपी म्हणतात, घाईत नुसते फिजिओ म्हणतात, आणि आमच्या शेजारच्या आजी ‘शेकवाल्या बाई’ म्हणतात. तिन्ही नावे चालतील.

आपल्या देशात हा व्यवसाय रुजला तो एका साथीमुळे. १९५२ साली मुंबईत पोलिओची मोठी साथ आली. लुळी पडलेली मुले औषधाने चालती होणार नव्हती. त्यांच्या हातापायांना रोज, महिनोगणती, कोणीतरी जाणत्या हाताने वळण लावावयास हवे होते. १९५३ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात तेव्हाचे मुंबई सरकार, महानगरपालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने या विषयाची देशातील पहिली शाळा निघाली, आणि १९५५ साली या मंडळींची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. पोलिओ आता गेला. २०१४ साली भारत त्यातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. हा व्यवसाय मात्र पक्षाघात, सांधेदुखी, मोडलेली हाडे, अतिदक्षता विभागातील छाती अशा सर्व ठिकाणी पसरला. जेथे हात पोहोचतात तेथे चुकाही पोहोचतात, हे ओघानेच आले.

माझी एक मावसबहीण इंदूरच्या एका रुग्णालयात हे काम करते. तिच्यावर काही वर्षांपूर्वी आलेल्या एका तक्रारीची हकीकत तिच्या संमतीने येथे सांगते. नावे कोणाचीच देत नाही.

सत्तरीच्या एक बाई गुडघेदुखीसाठी तिच्याकडे येत असत. मधुमेह पुष्कळ वर्षांचा. उपचारात प्रथम गरम शेक आणि मग व्यायाम असा क्रम होता. हा शेक म्हणजे घरची गरम पाण्याची पिशवी नव्हे. ओल्या मातीसारखा पदार्थ भरलेली जाड कापडी पिशवी सत्तर-पंचाहत्तर अंश उष्णतेच्या पाण्यातून काढतात, टॉवेलच्या सहा ते आठ पदरांत गुंडाळतात आणि पंधरा-वीस मिनिटे ठेवतात. ते पदर हाच सगळा बचाव. मधुमेहाने पायांची जाणीव बोथट होऊ शकते, म्हणून शेक देण्यापूर्वी एका नळीत गरम व एका नळीत थंड पाणी घेऊन, रुग्णाला डोळे मिटावयास सांगून, ‘हे गरम की गार?’ असे विचारावयाचे असते. बहिणीने पहिल्या दिवशी तसे विचारले होते, गुडघ्यावर. उत्तरे बरोबर आली. गुडघ्याखाली विचारले नव्हते.

सहाव्या दिवशी बाई म्हणाल्या, ‘आज शेक लागतच नाही हो.’ बाहेर तीन रुग्ण खोळंबले होते. बहिणीने टॉवेलचे दोन पदर कमी केले.

वाचकहो, या व्यवसायातील कोणालाही हे वाक्य वाचताच पुढचे कळले असेल. ज्याला उष्णता जाणवत नाही असा रुग्ण ‘शेक लागत नाही’ असे म्हणतो, तेव्हा तो शेकाविषयी काही सांगत नसून स्वतःच्या नसांविषयी सांगत असतो. त्या वेळी पदर कमी करावयाचे नसतात; शेकच काढून घ्यावयाचा असतो. संध्याकाळी बाईंच्या पोटरीवर वरच्या बाजूस दोन फोड आले, आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाचे पत्र रुग्णालयाच्या अधीक्षकांच्या मेजावर होते. पत्र कडक होते. ‘शिकाऊ मुलीच्या हाती आईला दिले’ असे त्यात होते. बहीण शिकाऊ नव्हती, तिला सात वर्षांचा अनुभव होता. आणि तिला सर्वांत जास्त तेच वाक्य लागले.

रात्री साडेअकरा वाजता तिचा मला फोन आला. रडणे झाल्यावर ती म्हणाली, ‘ताई, त्या दिवसाच्या नोंदीत खाली जागा रिकामी आहे. दोन ओळी घालू का? संवेदना तपासली, ठीक होती, एवढेच. पहिल्या दिवशी तपासली होतीच ना गं मी.’

मी संपादकीय खात्यातील मनुष्य. रिकाम्या जागी दोन ओळी घालणे हेच माझे पोटापाण्याचे काम. खरे सांगते, तत्क्षणी मला त्यात फारसे वावगे दिसले नाही. मी ‘सकाळपर्यंत काही करू नकोस’ एवढेच म्हणाले, आणि तेही माझ्या शहाणपणामुळे नव्हे, झोपेमुळे. शहाणपण होते ते तिच्या विभागप्रमुख बाईंपाशी. त्यांनी सकाळी आल्याबरोबर त्या कागदांची नक्कल काढवली, मूळ कागद अधीक्षकांच्या कपाटात ठेवविले आणि तिला म्हणाल्या, ‘त्या कागदाला हात लावायचा नाही. आठवते ते सगळे वेगळ्या कागदावर लिही, वर आजची तारीख घाल, खाली सही कर.’

यातले मर्म पुढे माझ्या ध्यानी आले. मागाहून घातलेली ओळ उघडकीस येण्यास वेळ लागत नाही. शाई, हात, आणि हल्ली संगणकावर वेळेचा शिक्का, सारेच बोलतात. अशी एक ओळ सापडली, की बाकीच्या शंभर खऱ्या ओळींवरचा विश्वास जातो. पोटरीवरचा फोड ही चूक होती. ती ओळ लबाडी ठरली असती. चुकीची चौकशी होते. लबाडीने नोंदणीच जाण्याचा संभव असतो.

मग खुलासा लिहिण्याचा प्रसंग आला. तिचा पहिला मसुदा चार पानांचा होता आणि तो तिने माझ्याकडे पाठविला. त्यात बाईंची साखर नियंत्रणात नव्हती हे होते, मुलगा सहा दिवसांत एकदाही सोबत आला नव्हता हे होते, विभागात माणसे कमी आहेत हे होते, आणि बाईंनी स्वतःच शेक वाढवून मागितला हे तर दोनदा होते. यांतील प्रत्येक गोष्ट खरी होती. तरीही, सबंध पत्र वाचून बाईंना भाजले कसे, हे मात्र समजत नव्हते. मी लाल पेन्सिल घेतली. माझी या प्रकरणातील मदत एवढीच. चार पानांचे एक पान झाले: कोणत्या तारखेस काय उपचार केला, काय करावयाचे राहिले, फोड आल्याचे कळल्यावर काय केले, यापुढे विभागात काय बदलले आहे. माणसे कमी असल्याचा मुद्दा खोटा नव्हता, म्हणून तो वेगळ्या कागदावर विभागप्रमुखांच्या सहीने गेला. रुग्णाच्या मुलाला लिहिलेल्या उत्तरात त्याची जागा नव्हती.

त्या पानात तिने ‘माझ्या निष्काळजीपणामुळे’ असे लिहिले होते. तिच्या व्यावसायिक विम्याच्या कंपनीला कळविणे आवश्यक होते. तेथील वकिलांनी सारे पान तसेच ठेवून तो एक शब्द काढला आणि ‘त्या दिवशी गुडघ्याखालील संवेदनेची तपासणी झाली नाही व टॉवेलचे दोन पदर कमी करण्यात आले, याचे मला मनापासून दुःख आहे’ असे करण्यास सांगितले. मला प्रथम ही वकिली मखलाशी वाटली. विचार केल्यावर ते बरोबर वाटले. ‘निष्काळजीपणा’ हा निवाडा आहे, आणि तो देण्याचा अधिकार चौकशी करणाऱ्यांचा. तपासणी झाली नाही, ही घटना आहे. ती सांगण्याचे कर्तव्य तिचे. भाषांतरकार म्हणून इतकी वर्षे काढूनही शब्दांतील हा भेद मला एका विमावाल्याकडून शिकावा लागला. (विमा उतरविलेला असेल तर उत्तर देण्यापूर्वी कंपनीला कळवावे, नंतर नव्हे. पुष्कळ जण येथे चुकतात.)

चौकशीला सात आठवडे लागले. त्या दिवसांविषयी कोणी फारसे बोलत नाही, म्हणून थोडे लिहिते. तिची झोप गेली हे खरे, पण त्याहून वाईट म्हणजे तिचे हात घाबरले. खांदा आखडलेल्या रुग्णाला आराम पडावयाचा तर तो थोडा दुखेपर्यंत ताणावा लागतो, ती ताणीना. रुग्ण ‘आई गं’ म्हणाला की तिचा हात सुटे. तीन आठवड्यांत दोन रुग्णांची प्रगती थांबली, आणि त्यांची काही तक्रार नव्हती, कारण त्यांना दुखत नव्हते! हे विभागप्रमुख बाईंच्या लक्षात आले. त्यांनी काही दिवस तिच्या शेजारी उभे राहून काम करविले. उपदेश केला नाही. नुसत्या उभ्या राहिल्या.

घरी तिने आईपासून ही गोष्ट लपविली होती. मावशीला ती शेजारणीकडून कळली. मावशीने विचारपूस केली नाही. दुसऱ्या दिवसापासून डबा आपल्याकडून पाठवू लागली आणि रात्री जेवण झाल्यावर मुलीचा फोन स्वतःच्या उशाशी ठेवू लागली. त्या फोनवर विभागातील मैत्रिणींचा गट होता आणि त्यात ‘त्या मुलाला काय उत्तर द्यावे’ यावर रोज रात्री बारापर्यंत खल चाले. एकीने तर बाईंच्या कागदाचे छायाचित्रच मागितले. ते पाठविले असते तर एका चुकीवर दुसरी, आणि अधिक गंभीर, चूक चढली असती. कारण रुग्णाचे नाव आणि दुखणे ही रुग्णाची मालमत्ता आहे, आपल्या बचावासाठीही ती गावभर वाटता येत नाही. इंटरनेटवर कोणी वाईट अभिप्राय लिहिला असता पुष्कळ तरुण व्यावसायिक रागाच्या भरात तेथेच उत्तर देतात आणि त्यात रुग्णाचा आजार सांगून मोकळे होतात. ‘आपल्या म्हणण्याची दखल घेतली आहे, कृपया समक्ष भेटावे’ यापलीकडे तेथे एक अक्षर लिहू नये.

शेवटी तिला लेखी समज मिळाली. रुग्णालयाने मलमपट्टीचा खर्च दिला आणि सहा दिवसांची फी परत केली. शेकाच्या पाण्याच्या टाकीवर एक पाटी लागली: संवेदनेची तपासणी दर वेळी करावी, जेथे शेक द्यावयाचा तेथेच करावी, आणि पाच मिनिटांनी कातडी पाहावी. पाटीवरचे अक्षर बहिणीचे आहे.

सर्वच तक्रारी अशा नसतात. भाजण्याची तक्रार क्वचित येते. नेहमीच्या तक्रारी तीन. पहिली, ‘उपचारानंतर दुखणे वाढले’. दुसरी, ‘इतके दिवस येऊनही गुण नाही’. आणि तिसरी, जी बोलताना आवाज खाली जातो ती, स्पर्शाविषयी. पहिल्या दोहोंचे मूळ बहुधा पहिल्या दिवशीच्या न झालेल्या संभाषणात असते. आखडलेला खांदा मोकळा होण्यास वर्ष-दोन वर्षेही लागू शकतात, हे प्रारंभीच सांगितले तर माणूस दहाव्या दिवशी फसवणूक झाली असे म्हणत नाही. दहा दिवसांत बरे करतो असे सांगणाऱ्याने पुढची तक्रार आपल्या हाताने लिहून ठेवलेली असते. तिसरीविषयी थोडे अधिक लिहावयास हवे. या व्यवसायाला स्पर्शावाचून गत्यंतर नाही. कंबर, छाती, मांडी यांना हात लावावा लागतो, कपडे बाजूस सारावे लागतात. कोठे व कशासाठी हात लावणार हे आधी सांगणे, ‘चालेल ना?’ असे विचारून थांबणे, झाकण्यास चादर देणे, आणि रुग्ण स्त्री असता दुसरी स्त्री खोलीत असणे, ही शिष्टाचाराची गोष्ट म्हणून सोडून देऊ नये. संमतीचे महत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली यांच्या खटल्यात विस्ताराने सांगितले आहे. ते प्रकरण शस्त्रक्रियेचे होते, तरी त्यातील विचार येथेही लागू पडतो. आणि अशी तक्रार आली तर ‘गैरसमज झाला असेल’ असे म्हणून विभागातल्या विभागात मिटवू नये. ती खरी असेल तर पुढच्या रुग्णासाठी, आणि खोटी असेल तर त्या व्यावसायिकासाठी, रीतसर चौकशी हाच एक आसरा आहे.

आता तक्रार कोठे कोठे जाऊ शकते ते पाहू. येथे मी भराभर चालते. पहिले ठिकाण ते रुग्णालय किंवा दवाखाना. दुसरे, व्यवसायाची परिषद. दिल्लीत यासाठी १९९७ चा कायदा होता, महाराष्ट्रात २००२ चा. २०२१ साली संसदेने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात भौतिकोपचार येतो, आणि राज्य परिषदांच्या रचनेत आचारनीती व नोंदणी यांसाठी स्वतंत्र मंडळ आहे. तिसरे ठिकाण ग्राहक आयोग. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. जेथे सर्वांनाच विनामूल्य उपचार मिळतात ती रुग्णालये त्यातून वगळली. जेथे काही जण पैसे देतात तेथील विनामूल्य रुग्णही त्यात आले. २०१९ च्या नव्या कायद्यानुसार तक्रार सामान्यतः दोन वर्षांच्या आत करावी लागते. आयोगाची नोटीस आली तर उत्तराला तीस दिवस मिळतात, सबळ कारण असेल तर आणखी पंधरा. पंचेचाळीस दिवसांनंतर आयोगालाही मुदत वाढविता येत नाही, असे घटनापीठाने २०२० साली स्पष्ट केले. म्हणून नोटीस कपाटात ठेवून ‘पाहू’ म्हणण्याची सवय असलेल्यांनी ती सवय या एका बाबतीत सोडावी. चौथे ठिकाण पोलीस. तेथे मात्र प्रत्येक चूक गुन्हा होत नाही. गुन्हा ठरण्यासाठी हयगय अतिशय घोर असावी लागते, असे जेकब मॅथ्यू प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे.

या चारही ठिकाणी उपयोगी पडते ती एकच वस्तू, ती म्हणजे त्या त्या दिवशी लिहिलेली नोंद. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारनियमांत नोंदी तीन वर्षे जपाव्यात आणि रुग्णाने मागितल्यास बहात्तर तासांत द्याव्यात असे आहे. तो नियम डॉक्टरांचा असला तरी भौतिकोपचार करणाऱ्यांनी तो आपला म्हणून पाळण्यास कोणाची हरकत असणार? नोंद मागणारा रुग्ण म्हणजे शत्रू, असे मानण्याची प्रथा मात्र सर्वत्र दिसते.

आता आपण, म्हणजे तक्रार करणारे. मीही एकदा केली आहे. वडिलांना पक्षाघात झाला होता आणि व्यायाम करवून घेण्यास येणारे गृहस्थ घड्याळाकडे पाहत दहा मिनिटांत निघून जात. मी दोन पानी पत्र लिहिले. त्यात दहा मिनिटांचा उल्लेख एका वाक्यात आणि उरलेल्या पाऊणेदोन पानांत माझा संताप होता. उत्तर आले, ‘आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे.’ हे वाक्य मी स्वतः नोकरीत इतक्यांदा भाषांतरित केले आहे, की ते वाचून मला हसू आले. पुष्कळ दिवसांनी माझ्या पत्राची प्रत हाती लागली तेव्हा कळले, की मला नेमके काय हवे होते ते मी कोठेच लिहिले नव्हते. वेळ वाढवून हवी होती, माणूस बदलून हवा होता, की पैसे परत हवे होते? तारखा दिल्या असत्या आणि मागणी एका ओळीत लिहिली असती, तर कदाचित त्या गृहस्थांनाही काय सुधारावयाचे ते समजले असते. वडिलांचा डावा हात पुढे बराचसा आला. ते दुसऱ्या एका बाईंच्या मेहनतीने.

इंदूरच्या त्या बाई पुन्हा बहिणीकडे उपचाराला आल्या नाहीत. फोड भरून आल्याचे रुग्णालयाकडून कळले, तेवढेच. मात्र वर्षभराने त्यांच्या मुलाचे एक लहानसे पत्र विभागाच्या पत्त्यावर आले. थंडीचे दिवस होते. आई रात्री पायाशी गरम पाण्याची पिशवी मागते, द्यावी की नाही, असे त्यात विचारले होते. पत्रावर नाव बहिणीचे होते. देऊ नये, लोकरीचे मोजे घालावेत, आणि झोपण्यापूर्वी तळपाय डोळ्यांनी पाहावेत, असे तिने अर्ध्या पानात उत्तर दिले, खाली तारीख घातली, आणि त्याची एक प्रत काढून जुन्या कागदांना जोडून ठेवली.